एका डोळ्यापुरती दुर्बीण: प्रवासाला आणि डोंगराला कोणता मोनोक्युलर घ्यावा?

पाथर्डी_फाटा · रविवार, सकाळी ७:५०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

सातपूरला टूलरूममध्ये नोकरी झाली, आता निवृत्त. वय ६१. लहानपणी विटी लागून उजवा डोळा गेला, त्याला फक्त उजेड-अंधार कळतो. डाव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं आणि तो आता ठणठणीत आहे. इतका, की गंगापूर रोडवरच्या पाट्या मी मुलाच्या आधी वाचतो.

दिवाळीनंतर नर्मदा परिक्रमेला पायी निघायचा विचार आहे. पाठीवर जेवढं कमी तेवढं बरं, एका हातात काठी. मुलगा म्हणाला, बाबा, दुर्बीण घेऊन जा, पलीकडचा काठ दिसेल, पक्षी दिसतील. पण दोन नळ्यांची दुर्बीण घेऊन मी काय करू? अर्धा माल फुकट जाणार. म्हणून मोनोक्युलर. बंडीच्या खिशात मावणारा हवा.

एमजी रोडवर दोन दुकानं पालथी घातली. एकाने १०×२५ दाखवला, दुसऱ्याने १६×५२ दाखवून "काका, हा घ्या, पॉवर जास्त आहे" म्हटलं. दोन्ही दुकानाच्या आतून समोरच्या भिंतीवर बघायला दिले. त्यात काय कळणार? मायक्रोमीटर हातात धरून आयुष्य गेलं, त्यामुळे आकडे कळतात, पण हे आकडे कशाचे ते कुणी नीट सांगेना. बजेट सहा-सात हजार, चांगला असेल तर थोडं वर सरकेन.

काडेपेटी · रविवार, सकाळी ८:१५

आधी नाव ठरवा. मोनोक्युलर म्हणजे "एकडोळी". दुर्बीण एकडोळी आणि मालकही एकडोळा, जोडी जमली! (काका, राग नका मानू, माझाही एक डोळा आळशी आहे.)

पाथर्डी_फाटा · रविवार, सकाळी ८:२०

राग कसला. कंपनीत मला "नेमबाज" म्हणायचे.

नीलपंख · रविवार, सकाळी ९:०५

पंधरा वर्षं पक्षी बघतोय म्हणून सांगतो. ज्याला कुणाला मोनोक्युलर घ्यायचा असतो त्याला मी आधी एकच म्हणतो, बायनॉक्युलर घे. दोन डोळ्यांनी बघताना मेंदू दोन्ही चित्रं एकत्र करतो आणि फिकट रंगांतला फरक जास्त नीट कळतो. शिवाय दोन हातांनी धरलेली वस्तू कमी हलते. तासभर नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या मनोऱ्यावर बसून एका डोळ्याने बघितलं की कपाळ दुखतं, कारण दुसरा डोळा सारखा मिटून धरावा लागतो.

पण तुमच्या बाबतीत यातलं काहीच लागू नाही. दुसरा डोळा मिटायचा प्रश्नच नाही! तुम्ही या धाग्यावरचे मोनोक्युलरला सर्वांत लायक माणूस आहात.

आकड्यांचं असं आहे. ८×२५ मधला ८ म्हणजे किती पट जवळ दिसणार. ४०० मीटरवरचा बगळा ५० मीटरवर असल्यासारखा दिसतो. २५ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानदार पहिल्या आकड्यावर माल विकतो. आपण दुसऱ्याला पहिल्याने भागून घ्यायचं.

अर्धवट_गिर्यारोहक · रविवार, सकाळी ११:३०

माझी कर्मकहाणी ऐका, म्हणजे काय घेऊ नये ते तरी कळेल.

तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक ४०×६० मोनोक्युलर मागवला. जाहिरातीत माणूस डोंगरावरून चंद्रावरचे खड्डे बघतोय, रात्री हरीण बघतोय, सोबत मोबाइल लावायचा चिमटा आणि छोटा तिपाई स्टँड फुकट. बाराशेच्या आसपास किंमत. मी हरखलो. हरिहर गडावर घेऊन गेलो. त्या उभ्या पायऱ्या चढून वर पोचलो, धाप लागलेली, ऐटीत बाहेर काढला आणि ब्रह्मगिरीकडे लावला. दिसलं काय? पाण्यातून बघितल्यासारखा एक करडा गोळा आणि कडेने निळी-पिवळी झालर. बरोबरची पोरं रांग लावून बघायला आली आणि एकेक करून गप्प परत गेली. तेच जास्त लागलं.

घरी आल्यावर पट्टीने पुढचं भिंग मोजलं. ४० मिमी. म्हणजे ६० हा आकडा त्या वस्तूत कुठेच नव्हता, आणि ४० होता तो पॉवरचा नव्हता, भिंगाचा होता. परत करायची मुदत तोवर संपलेली. आता पुतण्या समुद्री चाचा बनून खेळतो त्याच्याशी.

कडवाकाठ · रविवार, सकाळी ११:४२

हाहाहा. आमच्याकडे पण आहे तसला एक. बागेत पाखरं हाकलायला ठेवलाय. बघायला नाही, फेकून मारायला.

भिंगरी · रविवार, दुपारी २:१०

मी डोळे तपासायचं काम करते (सिडकोत, बारा वर्षं), त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. कंटाळा आला तर स्क्रोल करा.

नीलपंख यांनी भागाकार सांगितला, त्याचं उत्तर म्हणजे मागच्या बाजूने डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. ८×२५ ला ३.१ मिमी, १०×२५ ला २.५, ८×४२ ला सव्वापाच. आता आपल्या डोळ्याची बाहुली. एप्रिलच्या दुपारी ती आकसून दोन-तीन मिलिमीटर होते. अंधारात तरुण माणसाची सात मिमीपर्यंत उघडते. वय वाढलं की ती तेवढी उघडत नाही, साठीत साधारण पाच धरा. म्हणजे भर उन्हात १०×२५ आणि ८×४२ सारखेच उजळ वाटतात, कारण जाड झोताचा जास्तीचा भाग बाहुलीच्या बाहेर पडतो. फरक कळतो तो पहाटे आणि सूर्य बुडताना. आणि पक्षी, प्राणी नेमके तेव्हाच बाहेर पडतात.

जाड झोताचा आणखी एक फायदा कुणी सांगत नाही. चालून दमलेल्या माणसाचा हात हलतो. झोत अडीच मिलिमीटरचा असेल तर डोळा जरा सरकला की चित्र काळं. चार मिलिमीटरचा असेल तर चूक खपून जाते.

काका, आता तुमच्या डोळ्याचं. ऑपरेशननंतर दूरचा नंबर राहिला आहे का? नुसता गोल नंबर असेल तर चष्मा काढून बघा, मोनोक्युलरच्या फोकसने तो भरून निघतो. पण सिलिंडर नंबर (आडव्या-उभ्या दिशेला वेगळा) असेल तर तो फोकसने जात नाही, चष्मा ठेवूनच बघावं लागतं. मग आय रिलीफ विचारायचा. म्हणजे मागच्या भिंगापासून डोळा किती दूर ठेवला तरी पूर्ण गोल दिसतो. चष्मेवाल्यांना तो १५ मिमी किंवा जास्त हवा. लहान, स्वस्त नळ्यांमध्ये तो बरेचदा दहाच्या आसपास असतो आणि चष्म्यातून मधलंच टिकलीएवढं चित्र दिसतं. मागचा रबरी कप दुमडता किंवा फिरवून खाली घेता येतो का तेही बघा.

आणि एक विनवणी. सूर्याकडे कधीही लावू नका. तुमच्याकडे एकच डोळा आहे.

पाथर्डी_फाटा · रविवार, दुपारी ३:००

भिंगरीताई, शेवटचं वाक्य वाचून बायको म्हणाली, "ही मुलगी शहाणी आहे." सिलिंडर आहे, पाऊण नंबर. म्हणजे चष्मा ठेवून बघायचं. हे दोन्ही दुकानांत कुणी विचारलंसुद्धा नाही.

पण मग ८ च का? १० का नाही? दोनाचाच तर फरक आहे.

तोफखाना · रविवार, संध्याकाळी ६:२५

दोनाचा फरक हातात येतो. दहा पट मोठं दिसतं म्हणजे हाताची थरथरसुद्धा दहा पट मोठी दिसते. दोन हातांनी दुर्बीण धरून दहापर्यंत जमतं. एका हाताने धरलेल्या हलक्या नळीला आठच्या वर जाऊ नये असं माझं मत आहे, आणि हे मत मी वाऱ्यात, पावसात, उपाशीपोटी बनवलेलं आहे. सोळाची वस्तू तिपाईशिवाय विकणं हा गुन्हा ठरवला पाहिजे.

धरायची पद्धत: कोपर बरगडीला टेकवा, नळी धरलेल्या हाताची तर्जनी गालाच्या हाडाला. खाली बसता येत असेल तर बसा आणि कोपर गुडघ्यावर. तुमच्याकडे काठी आहेच. काठी छातीसमोर उभी धरा, मूठ काठीच्या टोकावर, नळी मुठीवर. श्वास अर्धा सोडून थांबा. फरक बघा.

अवांतर: देवळालीच्या तोफखान्याचा आहे म्हणून सांगतो. आमच्या कामाच्या दुर्बिणीत आत बारीक खुणा असतात. एक मिल म्हणजे १००० मीटरवर एक मीटर. पावणेदोन मीटरचा माणूस १० खुणा व्यापत असेल तर तो १७५ मीटरवर. खुणा असलेला मोनोक्युलर बाजारात मिळतो. तुम्हाला गरज नाही, पण टूलरूमच्या माणसाला मजा वाटेल.

दुसरं अवांतर, हे जास्त महत्त्वाचं. देवळाली कॅम्पात, फायरिंग रेंजच्या बाजूला, ओझर विमानतळाच्या कुंपणालगत दुर्बीण बाहेर काढू नका. पक्षी बघत होतो हे उत्तर खरं असलं तरी ते द्यायला लागणारा अर्धा दिवस वाया जातो.

काडेपेटी · रविवार, संध्याकाळी ६:३१

"उपाशीपोटी बनवलेलं मत" 😄 +१

लेणीवेडी · रविवार, रात्री ९:४०

सगळे पक्षी-पक्षी करताहेत म्हणून वेगळी बाजू. मी मोनोक्युलर घेतला तो जवळचं बघायला.

पांडवलेणी बहुतेक नाशिककर शाळेच्या सहलीत उरकतात. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा. दहा नंबरात नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा. ब्राह्मी शिकायला लागले तेव्हा रोज वाटायचं, अक्षरं अजून थोडी खाली असती तर! मोबाइलने फोटो काढून मोठा केला की दगडाचे कण आणि अक्षराची रेघ एकात एक होतात. मोनोक्युलरने भिंतीवर सरळ वाचता येतं, उजेड बदलेल तसं परत परत. सिन्नरच्या गोंदेश्वराला तर मी पूर्ण सकाळ शिखरावरच्या मूर्ती बघत बसले होते, मान मोडेपर्यंत.

यासाठी बघायची गोष्ट म्हणजे किती जवळ फोकस होतो. काही नळ्या पाच मीटरच्या आत धूसर, काही अर्ध्या मीटरवरसुद्धा लख्ख. निकॉनचे ५×१५ आणि ७×१५ एवढेसे, बोटभर आहेत आणि खूप जवळ फोकस होतात, वस्तुसंग्रहालयात फिरायला झकास. झाइसचा ६×१८ तसाच. लायकाच्या मोनोविड ८×२० बरोबर जवळचं बघायला वेगळं छोटं भिंग येतं. पण यातले काही काकांच्या बजेटच्या फार बाहेर आहेत, आणि १५ मिमीचं भिंग संध्याकाळी नदीकाठी आंधळं होतं हेही खरं.

काका, परिक्रमेत घाट, मंदिरं, महेश्वरचा किल्ला... जवळचा फोकस विसरू नका. दोन-तीन मीटरपर्यंत आला तरी पुरे.

सिडको_सहावी_स्कीम · सोमवार, सकाळी १०:१०

जुने कॅमेरे उघडून दुरुस्त करायचा छंद आहे, त्या अनुभवावर.

आतली काच आणि तिच्यावरचा लेप यावर सगळा खेळ आहे. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. नळीत असे दहा-बारा पृष्ठभाग असतात. लेप नसेल तर हिशेब तुम्हीच करा, तिसरा हिस्सा प्रकाश वाटेतच गेला. वर आत उड्या मारणाऱ्या प्रकाशाने चित्र पांढरट होतं ते वेगळंच. चांगल्या बहुपदरी लेपाने हेच नुकसान प्रत्येक पृष्ठभागाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतं. खोक्यावर नुसतं "कोटेड" लिहिलं असेल तर एखाद्याच भिंगाला लेप दिलेला असू शकतो. "फुल्ली मल्टिकोटेड" हे शब्द हवेत.

दुकानात तपासायचं तर पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. हिरवट, जांभळट, मंद दिसलं तर लेप आहे. पांढरंशुभ्र दिसलं तर ती काच कोरडी. आणि लालभडक, माणकासारखं चमकणारं भिंग असेल तर हात जोडून परत द्या. तो लेप लाल रंगच परत फेकतो आणि सगळं जग हिरवट दिसतं.

मग हात लांब करून, नळी उजेड असलेल्या आकाशाकडे (सूर्याकडे नव्हे) धरून मागच्या भिंगात बघा. उजळ टिकली दिसेल. ती पूर्ण गोल आणि कडेपर्यंत सारखी उजळ हवी. कडा कापल्यासारख्या, चौकोनी, करड्या असतील तर आतल्या प्रिझमची काच हलकी. बीके-७ पेक्षा बाक-४ काच चांगली मानतात, ती यासाठी. सरळ नळीच्या मोनोक्युलरात प्रिझम छताच्या आकाराचं असतं, त्याला "फेज कोटिंग" असेल तर बारीक तपशील जास्त कडक दिसतात.

अर्धवट_गिर्यारोहक, तुमची वस्तू अजून घरात असेल तर एक प्रयोग करा. मागच्या भिंगाजवळ पतंगाचा कागद धरा, टिकली सर्वांत रेखीव होईल तिथे थांबा आणि पट्टीने मोजा. पुढच्या भिंगाच्या व्यासाला तिने भागा.

अर्धवट_गिर्यारोहक · सोमवार, रात्री ८:५०

केला! पुतण्याच्या तावडीतून सोडवून आणला. टिकली साधारण ४ मिमी. म्हणजे ४० भागिले ४, दहा पट. "चाळीस पट" चा पत्ता लागला एकदाचा.

पाथर्डी_फाटा · सोमवार, रात्री ९:१५

थांबा थांबा. पुढचं भिंग ४० असलं तरी आतल्या एखाद्या रिंगने झोत अडवला असेल तर? मग टिकली बारीक दिसेल आणि भागाकार जास्त येईल. म्हणजे खरी पॉवर दहापेक्षासुद्धा कमी असू शकते.

सिडको_सहावी_स्कीम · सोमवार, रात्री ९:२२

टूलरूमला साष्टांग. बरोबर आहे. मागून टॉर्च मारा आणि पुढून किती मिलिमीटरचा झोत बाहेर येतो ते कागदावर मोजा, तोच खरा व्यास. नाहीतर सरळ विटांची भिंत बघा, एक डोळा नळीला आणि एक उघडा. नळीतल्या एका विटेत उघड्या डोळ्याच्या किती विटा मावतात ते मोजा. (काकांना ही दुसरी पद्धत चालणार नाही, माफी.)

अर्धवट_गिर्यारोहक · सोमवार, रात्री १०:०५

टॉर्चने झोत आला ३१-३२ मिमी. म्हणजे आठाच्या आत. मी आता झोपतो.

कडवाकाठ · मंगळवार, दुपारी १:३०

भाऊ, आमचं गाव नांदूर मध्यमेश्वरच्या अलीकडेच. गोदावरी आणि कडवा मिळतात तिथला बंधारा, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), सगळ्यांना माहीत आहेच. शनिवार-रविवारी थंडीत गाड्या लागतात, लोक तोफेएवढाल्या लेन्स घेऊन येतात. मी माझा ८×३२ खिशात घालून बागेला पाणी देता देता जाऊन येतो.

खरं सांगायचं तर मनोऱ्यावरून रोहित लांब उभे असतात तेव्हा खिशातल्या नळीत गुलाबी ठिपके दिसतात, बस. त्यांच्या चोचीचा बाक बघायचा तर तिथल्या गाइड पोरांकडे स्टँडवरची मोठी दुर्बीण असते, तिच्यातून बघावं. पण पाण्याच्या कडेचे वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या, शेकाटे, पानांवरून चालणारे कमळपक्षी, वरून फिरणारा दलदली भोवत्या, हे आठाच्या नळीत मनासारखं दिसतं.

मला कामाची वाटली ती रुंदी. नळीवर लिहिलेलं असतं, हजार मीटरवर इतके मीटर, किंवा अंश. एक अंश म्हणजे हजार मीटरवर साडेसतरा मीटर. माझ्यात सव्वासात अंश, साधारण १२७ मीटर. आधीच्या बारीक नळीत पाच अंशसुद्धा नव्हते. पाखरू उडालं की शोधता शोधता ते सिन्नरला पोचायचं.

नीलपंख · मंगळवार, दुपारी ४:००

सिन्नरला पोचायचं! 😂 मनातलं बोललात. गिधाडांसाठीही हेच. अंजनेरीच्या कड्यावरून लांब चोचीची गिधाडं तरंगत येतात, ती डोक्यावरून जायला किती सेकंद लागतात? अरुंद नळीत सापडेपर्यंत पलीकडच्या कड्याआड.

सिडको_सहावी_स्कीम · मंगळवार, संध्याकाळी ७:४५

पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून.

आपल्याकडे नाशिक शहर कोरडं, पण त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला चार महिने कपाट उघडलं तरी वास येतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दहातल्या निम्म्या वस्तूंना एकच रोग असतो, बुरशी. भिंगावर आतून कोळिष्टकासारखे धागे. एकदा लेप खाल्ला की काच पुसून उपयोग नाही. कातडी पाकिटात दुर्बीण बंद करून माळ्यावर ठेवणं हा तर खास आपला राष्ट्रीय प्रकार. कातडं ओल धरतं.

नायट्रोजन भरून बंद केलेली नळी घ्या. आत दमट हवाच नसली की थंडीत आतून धुकं धरत नाही, बुरशीलाही वाव कमी. "वॉटरप्रूफ" म्हणजे काय ते विचारा. आयपीएक्स-७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास चालतं. नुसतं "वॉटर रेझिस्टंट" म्हणजे शिंतोडे. परिक्रमेत नदीकाठीच राहायचं, वस्तू एकदा तरी पाण्यात पडणार असं धरूनच चाला. घरी आल्यावर हवाबंद डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून. पुडीतल्या दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून परत वापरता येतात, पण तो तवा पोळ्यांचा नको.

पुसताना आधी फुंकणीने धूळ उडवा. धोतराच्या सोग्याने भिंग पुसणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवतो.

पाथर्डी_फाटा · शनिवार, रात्री ८:३०

आज परत दुकानात गेलो. या वेळी खिशात पट्टी, पतंगाचा कागद आणि चष्मा. दुकानदाराला म्हटलं, नळ्या बाहेर फुटपाथवर नेऊन बघू द्याल तर थांबतो, नाहीतर चाललो. पोरगा बरोबर दिला त्याने.

चार नळ्या बघितल्या. पहिली १६×५२ वाली. टिकली कापलेली आणि चौकोनी, पुढचं भिंग ४२ भरलं. पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही कंपनीचे माणूस आहात का?" दुसरी १०×२५: चित्र चांगलं, पण चष्म्यातून कडा दिसेना आणि समोरच्या इमारतीवरची पाटी नाचत होती. मग एक ८×२५, फुल्ली मल्टिकोटेड, पाण्यात चालणारी, चष्म्यातून पूर्ण गोल. पाटीखालचा फोन नंबर वाचला. चौथी ८×४२, सर्वांत सुंदर. खरंच. सावलीतल्या झाडाच्या फांद्या मोजता येत होत्या. पण हातात घेतली तर अर्ध्या पाण्याच्या बाटलीएवढी, आणि खिशात जाईना.

डोकं ८×२५ म्हणतंय, डोळा ८×४२ म्हणतोय. व्हॉर्टेक्सचा सोलो ८×२५ पण कुणी सुचवला होता, तो इथे नव्हता, मागवावा लागेल म्हणाले.

तोफखाना · शनिवार, रात्री ८:४८

खिशात जात नाही ती वस्तू तिसऱ्या दिवशी पिशवीच्या तळाशी जाते. पाचव्या दिवशी कुणाच्या तरी घरी "येताना घेऊन जाईन" म्हणून ठेवली जाते.

भिंगरी · शनिवार, रात्री ९:१०

मी मात्र ४२ च्या बाजूने बोलणार होते... पण चालायचं किती आहे ते आठवलं. ८×२५ ला संध्याकाळी सूर्य बुडल्यावर थोडा वेळ कमी मिळेल, एवढंच. तेव्हा तुम्ही आश्रमात पोचून पाय धूत असाल. चष्म्यातून पूर्ण गोल दिसला ना? मग झालं.

पाथर्डी_फाटा · रविवार, दुपारी १२:१५

घेतली. ८×२५. बजेटपेक्षा चारशे वर. पहिला प्रयोग गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) केला, रामकुंडाच्या पुलावरून. पलीकडच्या दुकानात माझा जुना सुपरवायझर कुणाला तरी पैसे मोजून देताना दिसला. मी फोन करून "साहेब, एक नोट कमी दिलीत" म्हटलं. माणूस पाच मिनिटं चारी बाजूंना बघत होता.

काडेपेटी · रविवार, दुपारी १२:२०

हा धागा इथेच पैसे वसूल.

लेणीवेडी · रविवार, दुपारी १:०५

काका 😄 आता लोकांच्या गॅलऱ्या, खिडक्या सोडून बाकी सगळं बघा म्हणजे झालं. पांडवलेणीला कधी येताय? तीन नंबरचा लेख सकाळच्या उजेडात दाखवते.

पाथर्डी_फाटा · तीन आठवड्यांनी, सोमवार, रात्री ९:००

राहिलेलं लिहून टाकतो.

लेणीवेडीताईंबरोबर जाऊन आलो. "सिधं" हा शब्द त्यांनी दाखवल्यावर स्वतः वाचला. काल नांदूर मध्यमेश्वर केलं, कडवाकाठ यांच्या घरी पिठलं-भाकरीसकट. थंडीचे पाहुणे अजून यायचेत, पण जांभळी पाणकोंबडी बघितली. लाल चोच, लाल पाय, एका पायात कमळाचं देठ धरून सोलत होती, माणसाने ऊस धरावा तसं. काठीवर मूठ टेकवायची युक्ती लागू पडली, चित्र खिळ्यासारखं उभं राहतं. रात्री त्यांच्या गच्चीवर खांबाला टेकवून गुरू बघितला. बाजूला एका रेषेत तीन बारीक ठिपके, चंद्र म्हणे. चौथा सापडला नाही.

तक्रारी दोन. भिंगाचं झाकण नळीला बांधलेलं नाही, पहिल्याच दिवशी गंगेत वाहून गेलं. आता टूलरूमच्या मित्राकडून नायलॉनचं झाकण टर्न करून घेतलं, दोरीला भोकासकट. दुसरी, फोकसची रिंग घामेजल्या बोटांना सटकते. तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवली आहे. दिसायला गावठी, पण हातमोज्यानेसुद्धा फिरते.

सिडको_सहावी_स्कीम · सोमवार, रात्री ९:२०

झाकणाचे माप टाका ना. मला दोन हवीत.

पाथर्डी_फाटा · सोमवार, रात्री ९:३४

आतला व्यास ३२.२, भिंत २, खोली ८. नळीच्या पुढच्या रबराचा बाहेरचा व्यास ३२.५ भरतो, तेवढा दाब पुरतो. तुमची नळी मोजून मगच करा.

कडवाकाठ · सोमवार, रात्री १०:१०

आणि परिक्रमेवरून परत आले की इकडंच या भाऊ. आत्ता छाटणी चालू आहे म्हणून हात हलवत पाठवलं. तोवर माल उतरायला आलेला असेल, आणि बंधाऱ्यावर रोहितही.

पाथर्डी_फाटा · सोमवार, रात्री १०:१४

येतो. गाइडच्या पोराला मोठी दुर्बीण राखून ठेवायला सांगा, चोचीचा बाक बघायचा राहिलाय.